कमलाकांतरावांची आतली खोली

बंडू, मघाशी तू म्हणालास, माणूस ओळखायचा तर त्याच्याशी चार दिवस बोलावं. म्हण बाबा, तुझं वय आहे. मी म्हणतो, त्याची झोपायची जागा बघावी. चारचौघांत कुणीही कसंही वागतो. रात्री जिथे पाठ टेकायची तिथे सोंग करून कुणाला दाखवायचं? ही गोष्ट जयवंत घाडीची. मिलमध्ये त्याचे साचे, म्हणजे माग, माझ्या साच्यांना लागून होते. तिखटमीठ लावून सांगणारा माणूस नव्हे. शकू, ते दार लोटून घे. वारा येतोय म्हणून सांगतो, दुसरं काही नाही.

साल सत्तावन. जानेवारीची एकोणीस तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी इथे भोईवाड्यात सभा होती. जयवंतचा धाकटा भाऊ शिवा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत वारला, त्याला वर्ष होत होतं. सभेचे अध्यक्ष गिरगावचे कमलाकांतराव. जुन्या मुंबईकर घराण्यातले, कचेरीत मोठे कारकून, लग्न न केलेले. बोलायला उभे राहिले की बायका डोळ्याला पदर लावायच्या. जयवंत तर त्यांना थोरल्या भावाच्या जागी मानायचा.

शिवा कसा गेला ते आधी ऐका. छप्पनच्या जानेवारीत सगळी मुंबई पेटलेली, संचारबंदी लागलेली. शिवा पत्रकं वाटायचा, त्याच्या नावाने वॉरंट निघालं. शिवडीला कोळशाच्या एका गोदामामागे खोपट होतं, तिथे तो लपला. जागा तिघांनाच ठाऊक. एक जयवंत. दुसरा शिवाचा दोस्त गणपत, तो डबा पोचवायचा. तिसरे कमलाकांतराव, त्यांना जयवंतनेच विश्वासाने सांगितलेलं. एका रात्री पोलीस आले. शिवा मागच्या बाजूने निसटला आणि काळोखात थेट खाजणात, खाडीच्या चिखलात शिरला. कमरेपर्यंत रुतला. मग भरती आली.

सकाळी कोळ्यांनी त्याला बाहेर काढलं.

जागा कुणीतरी फोडली होती. सगळ्यांनी गणपतकडे बोट दाखवलं, सर्वांत आधी जयवंतने. कमलाकांतरावांनाही पोलिसांनी एका दुपारी नेलं होतं, पण संध्याकाळी सोडलं. आम्ही म्हटलं, इंग्रजी फाडलं असेल, सुटले. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. गणपतला मात्र चाळीत नळावर पाणी भरू देईनात. शेवटी तो बिऱ्हाड उचलून माहीमला गेला.

तर त्या शनिवारी संध्याकाळी कमलाकांतराव सभेची तयारी बघायला आले आणि हुडहुडी भरून जयवंतच्या खोलीतच आडवे झाले. पाळीचा हिवताप. आज फणफणणार, उद्या माणूस ठणठणीत. त्यांचा डोळा लागल्यावर जयवंतची आई यशोदा म्हणाली, "जयवंता, तेंचो गरम कोट घेवन ये रे. बिचारो कुडकुडता."

जयवंतने त्यांच्या खिशातली किल्ली काढून घेतली आणि लालबागहून ट्राम धरली.

गिरगावात पोचला तेव्हा सव्वानऊ झाले होते. तिसरा मजला. बाहेरच्या खोलीत तो शंभरदा बसला असेल. तीच पुस्तकांची कपाटं, त्याच वेताच्या खुर्च्या, तोच चहा. आतलं दार नेहमी बंद. त्याने दिवा लावला. खुंटीवर कोट नव्हता, म्हणजे आत असणार.

आतल्या दाराला तीन कड्या होत्या. तिन्ही बाहेरून. दोन अगदी नव्या.

जयवंत थबकला. आपल्याच झोपायच्या खोलीला बाहेरून तीन कड्या कोण लावतो? मग त्याला जिन्याच्या दाराशी गुंडाळून ठेवलेली वळकटी दिसली. शेजारी सपाता, टोकं जिन्याकडे. अरे, जयवंत नऊ माणसांच्या खोलीत वाढलेला. कोण कुठे झोपतो, कोणत्या कुशीवर, यावरून त्याला माणसाचं सगळं कळायचं. कमलाकांतराव आत झोपत नव्हते. दाराशी झोपत होते, पळायच्या तयारीत.

त्याने कड्या काढल्या.

आत वडिलांच्या वेळचा शिसवी पलंग. पांढरीशुभ्र चादर, एक सुरकुती नाही. पलंगाजवळ स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि झाकलेलं ताट. जयवंतने झाकण उचललं. भात आणि भाजलेली सुकट. कमलाकांतरावांना तर सुकटीच्या वासाने मळमळायचं. सुकट शिवाच्या आवडीची.

उशाशी पांघरूण होतं. जयवंतने वाकून त्याची घडी निरखली. शिवा मिलच्या घडी खात्यात होता. ताग्याची घालतात तशी एकेका वाराच्या मापाची घडी तो पांघरुणाची घालायचा, दोन्ही काठ बाहेर, एकावर एक तंतोतंत. आई त्यावरून त्याची चेष्टा करायची. घरात दुसऱ्या कुणाला ती घडी जमत नव्हती.

ती घडी इथे होती.

उशीखालून एका वहीचा कोपरा दिसत होता. जयवंतने ती ओढून काढली. पानापानावर रोजची तारीख, कमलाकांतरावांचं वळणदार अक्षर आणि एकच मजकूर. 'शिवा, मी फक्त जागा सांगितली. खाजणाचं मला ठाऊक नव्हतं. जेवून घे आणि झोप.' पहिल्या पानावर मागच्या जानेवारीची तारीख. शेवटच्या पानावर कालची.

जयवंत पलंगाकडे पाठ करून खाली बसला. ज्याच्या पाया पडलो, ज्याच्या सांगण्यावरून वर्षभर सभा भरवल्या, त्याने हे केलं! आणि हा पठ्ठ्या गणपतची हाडहूड उघड्या डोळ्यांनी बघत राहिला. रागाने त्याला रडूही येईना.

तेवढ्यात मागे काहीतरी सळसळलं.

त्याने मान वळवली.

पांघरुणाची घडी उलगडत होती. एक पदर... मग दुसरा... मग तिसरा. दिवा चालूच होता. जयवंत म्हणायचा, अंधार असता तर बरं झालं असतं.

गादी दबली. हळूहळू. माणूस आडवा होतो तशी. पांघरूण वर सरकलं. आणि श्वास ऐकू आला... जड. चिखलातून पाय ओढावा तसा.

"शिवा?"

...

"शिवा, मी दादा. आई अजून तुझी वाट बघते रे. घरी न येता तू इथे..."

श्वास थांबला.

मग पांघरुणाखालचा तो आकार हलला. कुशीवर वळला. भिंतीकडे तोंड करून, जयवंतकडे पाठ. लहानपणी भांडण झालं की शिवा असाच झोपायचा.

जागा कमलाकांतरावांना कुणी सांगितली होती? जयवंतनेच ना? तो वही टाकून उठला. बाहेर आला, दार ओढलं. आणि तिन्ही कड्या त्याने आपल्या हातांनी घातल्या. सख्ख्या भावावर.

परत आला तेव्हा आई शेजारी गेली होती. कमलाकांतराव जागे होते. त्यांनी रिकामे हात पाहिले, हातातली किल्ली पाहिली.

"आत गेला होतास?"

"का केलंत?"

"पोलिसांनी माझ्या नोकरीवर आणलं होतं, जयवंता. मला वाटलं, चार महिने तुरुंगात राहील आणि सुटेल."

"आणि गणपत?"

मग कमलाकांतरावांनी त्याचा हात धरला. "उद्या सांगतो. सभेत, सगळ्यांदेखत. माझ्या गेलेल्या आईची शपथ."

आणि आमच्या जयवंताने पुन्हा विश्वास ठेवला! सकाळी उठून माहीमला गेला, गणपतचे पाय धरले, हात जोडून त्याला सभेला घेऊन आला. तुझ्यावरचा डाग आज जातोय म्हणाला. गणपत मागे, खांबाला टेकून उभा राहिला.

कमलाकांतराव उठले. ताप उतरला होता, कपडे परीटघडीचे. शिवावर असे काही बोलले की यशोदाबाई हमसून रडली. मग आवाज चढवून म्हणाले, "या पोराला परक्यांनी नाही मारलं. आपल्यातल्याच एका घरभेद्याने मारलं!" एवढं बोलून ते थांबले. आणि त्यांनी नजर सरळ गणपतवर रोखली.

सगळ्या माना मागे वळल्या.

"खोटं!" जयवंत ओरडला. "यांनीच फोडली जागा! यांनी!" पण तोवर घोषणा सुरू झाल्या होत्या. भावाच्या दुःखाने भ्रमिष्ट झालाय म्हणत दोघांनी त्याला खाली बसवलं. गणपतने फक्त जयवंतकडे पाहिलं आणि तो निघून गेला. इतकं वाईट कुणी माझ्याकडे कधी पाहू नये, असं जयवंत म्हणायचा.

सोमवारी कमलाकांतराव कचेरीत गेले नाहीत. दुपारी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा पुरावा म्हणून ती वही आणायला धावलेला जयवंतही तिथे होता. आतली खोली सताड उघडी. कमलाकांतराव शिसवी पलंगावर उताणे. हनुवटीपर्यंत पांघरूण, डोळे उघडे. कपडे कोरडे. गादी कोरडी. चौघांनी उचलायला हात घातला आणि त्यांच्या तोंडातून पाणी यायला लागलं. येतच राहिलं... भळाभळा... पलंगावरून खाली, फरशीभर.

वही सगळ्यांनी वाचली. पुढच्या रविवारी जयवंतने ती आमच्या चाळीत नळाशी उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली, आणि आम्ही माना खाली घालून ऐकली. नंतर पाचजण गणपतला आणायला माहीमला गेलो. त्याने आम्हांला पाणी दिलं, चहा दिला. यायला मात्र नाही म्हणाला.

ती खोली पुढे भाड्याने द्यायला काढली. घरमालकाने गडी लावून फरशी धुऊन घेतली. वाळली, तर तिच्यावर पांढरा थर. गड्याने बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ...