ओट्याखालचं कपाट

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल इथेच वाचणं थांबवावं. मी कुणाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. साधी पाल दिसली तर मी खोली बदलते, मी कशाला भुतांच्या गोष्टी रचू?

हे माझ्या सख्ख्या भावाच्या स्वयंपाकघरात घडलं. गेल्या वर्षी, त्याच्या मुलाच्या लग्नाआधी. आणि हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही...

माझ्या स्वतःच्या पायांवर घडलेलं आहे.

पायांवर, हो. कळेल पुढे.

दादाचं घर म्हणजे हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघर असं, की एकजण ओट्याशी उभा असला तर दुसऱ्याने फ्रिज उघडायचा नाही. लग्न ठरलं तशी वहिनी मागे लागली, ओट्याखाली बंद कपाट करून घेऊ. नवी मुलगी येणार, तिचं सामान येणार, डबे असे उघड्यावर बरे दिसत नाहीत.

नेमकी त्याच वेळी माझ्या घरमालकाला माझी खोली हवी झाली. मी लोकांचे कपडे आल्टर करून देते. शिलाई मला कुणी शिकवली नाही, उसवून उसवून शिकले. मी एकटी, मशीन एक, पण तेवढ्यालाही खोली मिळेना.

दादाचा फोन आला. "धाकटे, वणवण कशाला करतेस? इकडे ये. सुतारावर लक्षही राहील. आणि मग राहूनच जा कायमची."

"झोपू कुठे?"

"स्वयंपाकघर आहे की. अक्का नाही का राहिली?"

अक्का राहिली. खरंच राहिली.

अक्का आमची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. दादाचा मुलगा तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. तो मोठा झाला, त्याला हॉल लागायला लागला, तशी अक्काची गादी स्वयंपाकघरात गेली. शेवटपर्यंत तिथेच होती.

त्या फरशीवर सरळ झोपलं की पाय ओट्याखालच्या डब्यांना लागायचे. म्हणून घर झोपलं की ती एकेक डबा उचलून ओट्यावर ठेवायची. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक डब्याखाली कापडाची घडी. मग डोकं फ्रिजशी, पाय ओट्याखाली. सकाळी कुणी उठायच्या आत डबे परत जागच्या जागी.

दादा-वहिनीला याचा कधी पत्ता लागला नाही. मलाही कळलं ते हॉस्पिटलात.

तिथे तिला चांगली ऐसपैस खाट मिळाली होती. तरी ही बाई गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. मी म्हटलं, "अक्का, पाय सोड की मोकळे."

ग्लानीतच म्हणाली, "डबे काढलेस का?"

"कसले डबे गं?"

मग तिने तुकड्या-तुकड्याने सगळं सांगितलं. आणि पुन्हा तेच, "काढलेस का?"

मी म्हटलं, "काढले."

तेव्हा कुठे तिने पाय लांब केले. तशीच गेली.

तर आता त्याच स्वयंपाकघरात मी माझी गादी टाकणार होते. खोली नव्या जोडप्यासाठी रंगवून ठेवलेली, हॉलमध्ये दादा-वहिनी आणि नवरदेव. मला राहायला दुसरीकडे जागा असती तर मी तिकडे फिरकलेही नसते. नव्हती.

सुतार बोलका होता. ओट्याखाली शिरताना म्हणाला, "मी मावलो तर कपाट मावेल, बाई." मग आतूनच त्याचा आवाज आला. "इथे मागच्या भिंतीला हे काय लागलंय? तेलकट डाग आहेत. दोन."

वहिनी म्हणाली, "डब्यांचे असतील."

मी वाकून बघितलं. डब्यांचे डाग गोल असते. हे लांबट होते, शेजारी शेजारी. वर पाच-पाच ठिपके.

सुताराने त्यांच्यावर प्लायवूड ठोकलं. पुढे दोन दारं बसवली, त्यांना लोहचुंबकाचे कॅच. दार लावलं किंवा उघडलं की टक् वाजायचं.

वहिनी खूश झाली. "किती जागा निघाली बघ. इतकी वर्षं वाया गेली."

पहिल्या दिवशी डबे तिनेच आत लावले. तांदूळ, पीठ, साखर, सगळे मोठे डबे. मी कपाटापुढे गादी टाकली आणि पाय दुमडून झोपले. दुसरा इलाजच नव्हता.

सकाळी वहिनीच्या आवाजाने जाग आली.

"धाकटे, हे काय? एवढं कपाट केलं ते शोभेला का?"

डबे ओट्यावर होते...

सगळे. एका ओळीत. कपाटाची दारं नीट लावलेली.

"मी नाही ठेवले, वहिनी."

"मग काय चालत गेले?"

मी एक डबा उचलला. खाली कापड होतं, चौकोनी घडी घातलेलं. दुसऱ्याखाली... तिसऱ्याखाली... सगळ्यांखाली.

तुम्ही म्हणाल, झोपेत मीच केलं असेल. मलाही तसंच वाटलं. तसं वाटणं बरं होतं.

म्हणून त्या दिवशी मी डबे आत ठेवले आणि दोन्ही दारांच्या मुठी माझ्या मापाच्या टेपने आवळून बांधल्या. अशी गाठ, की मला स्वतःला सोडवायला कात्री घ्यावी लागली असती. वहिनी बघत होती. म्हणाली, "आता चाललेत का कुठे, बघू."

झोप लागली. मध्येच कधीतरी अर्धवट जागी झाले असेन...

टक्.

मी वाट बघत राहिले. भरलेला डबा उचलला की कुठेतरी लागतो, घासतो, झाकण तरी वाजतं. तुम्ही घरी करून बघा.

काहीच वाजलं नाही.

आवाज झाला असता तर मी किंचाळले असते. पण ती शांतता मला ओळखीची वाटली. कुणाची झोप मोडू नये म्हणून जपून केलेली शांतता. माझे डोळे जड झाले. आणि सांगायला विचित्र वाटतं, पण कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी गाढ झोप मला लागली.

उजाडलं तेव्हा मी सरळ झोपलेली होते.

अगदी सरळ. पाय लांब.

मला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं, या फरशीवर सरळ झोपता येत नाही.

मी मान उचलून बघितलं...

कपाटाची दारं उघडी होती. गुडघ्यापर्यंत माझे पाय आत होते. डबे ओट्यावर, ओळीने. टेप सोडवून, गोल गुंडाळून माझ्या उशाशी ठेवलेला. आणि माझ्या पायांवरची चादर दोन्ही बाजूंनी खाली खोचलेली. लहान मुलाची खोचतात तशी.

माझे तळवे मागच्या प्लायवूडला टेकले होते. मी पाय ओढून घेतले, तर तिथे डाग होते. तेलकट, दोन. कोऱ्या प्लायवूडवर.

तेवढ्यात दादा दारात आला. त्याने कपाट बघितलं, गादी बघितली. मला वाटलं, आता तरी विचारेल.

तो म्हणाला, "बघ, मावतेस की."

बोलायचा हेतू वाईट नव्हता त्याचा. तेच तर वाईट आहे. तो मनापासून खूश झाला होता.

मी त्याच दिवशी पिशवी भरली. दादा रागावला. "आम्ही जागा देतोय आणि हिचे नखरे बघा." निघताना मी वहिनीला अक्काच्या डब्यांचं सगळं सांगितलं. ती प्लायवूडकडे बघत होती. ज्या दुकानातून मला आल्टरचं काम येतं, त्याच्या मागच्या खोलीत मी मशीन लावलं. कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये झोपते. पाय पसरता येतात.

खूप दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. अक्का मला घालवत होती, की बोलावत होती? तिने आयुष्यात कुणाला घालवलं नाही. तिच्यापाशी देण्यासारखी तेवढीच जागा होती, ती तिने मला करून दिली, असंच मला वाटायचं. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

लग्न झालं. सून आली. मग एका दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"धाकटे, तू गेलीस तरी डबे वर येतातच गं."

"रोज?"

"रोज. मीच उठून परत आत ठेवते. सुनेला कशाला कळायला हवं?"

"दादाला सांगितलंस?"

"ते म्हणतात, तुझे भास." मग आवाज आणखी खाली आणत म्हणाली, "मला वाटायचं, अक्का तुझ्यासाठी जागा करतेय."

"मग?"

"परवा सून म्हणाली... आई, तुम्हाला हॉलमध्ये पंख्याचा त्रास होतो ना? स्वयंपाकघरात उबदार असतं."

वहिनीने अक्काला कसं वागवलं ते मला ठाऊक आहे. कधीतरी तिला हे दिवस दिसावेत असं मनात आलेलंही आहे. पण त्या फोनवर मात्र मला ते नको झालं.

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? गोड बोलली पोरगी. वाईट हेतू नव्हता तिचा."

मग फोनमध्ये फ्रिजची घरघर ऐकू आली. अगदी जवळून...

"वहिनी, तू आत्ता कुठे आहेस?"

"घरात कुणी नाहीये, म्हणून पाय घालून बघितले."

"आणि?"

"बरोबर मावतात."

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी केला की दादा उचलतो. घरात सगळं छान आहे म्हणतो. वहिनीला हल्ली लवकर जाग येते, सगळ्यांच्या आधी उठून कामाला लागते म्हणतो.

मी विचारते, डब्यांचा काही त्रास?

"कसले डबे?" दादा म्हणतो. "सगळे जागच्या जागी आहेत."