खालच्या पंपघराची केबल

धरणाच्या नियंत्रण कक्षात नवा संगणक बसवायचा आणि पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राशी त्याचं बोलणं जुळवून द्यायचं, एवढंच तिचं काम होतं. ती दुपारी पोचली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की जलाशय दिसत नव्हता. नुसता भिंतीवर थपडा मारताना ऐकू येत होता. आत ओल्या सिमेंटचा वास कोंडला होता. सोबतीला धरणाचे मुकादम. अबोल, निवृत्तीला टेकलेले.

भिंतीतून दोन केबली बाहेर आल्या होत्या. हाताला आली ती तिने जोडली. संगणकाच्या पडद्यावर आकड्यांऐवजी भलतीसलती चिन्हं सांडू लागली.

"बिघडलंय का?" मुकादमांनी विचारलं.

"नाही हो. दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही की असा कचरा येतो. एक भरभर बोलतो, दुसऱ्याला सावकाश ऐकायची सवय."

ती वेग कमी करत गेली. सर्वांत कमी वेगावर कचरा थांबला आणि एक ओळ उमटली.

वर कोण आहे

कुणीतरी चेष्टा करतंय, असं वाटून तिने लिहिलं, "तुम्ही कोण?"

उत्तर एकेक अक्षर करत आलं, गारठलेल्या बोटांनी चाचपडत टाइप करावं तसं.

दादा आहे का

मुकादमांचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. "ही केबल... खालच्या पंपघराची आहे."

"तिथे कोण असतं?"

"कुणी नाही. पुराच्या वर्षी बोगद्यात पाणी शिरलं. माझा धाकटा भाऊ खाली कामावर होता. सापडलाच नाही... मग वीज तोडली आणि पंपघराचं दार वेल्डिंगने कायमचं बंद केलं."

पाणी ओसरलं दादा. खाली ये

मुकादमांनी खुंटीवरची बॅटरी काढली. तिने त्यांची बाही धरली. "तो तुमचा भाऊ नाही."

"मला दादा म्हणणारं दुसरं कुणी नाही, ताई."

तिने झटकन वेग बदलून सर्वांत जास्त केला. शब्दांचा चुरा झाला. मुकादम झोपेतून उठल्यासारखे जागीच थांबले. मग तो चुरा आपोआप जुळत आला. तिने कीबोर्डला हात लावला नव्हता. पलीकडचा वेग बदलायचा, तर त्या यंत्रावरचं बटण हाताने फिरवावं लागतं.

ये ना दादा

तिने केबल उपटली. मुकादमांना हाताला धरून बाहेर काढलं आणि थेट त्यांच्या घरी नेऊन सोडलं. त्यांच्या बायकोने त्यांना आत घेतलं आणि दचकून म्हणाली, "यांचे हात असे भिजलेले कसे?"

सकाळी मुकादमांच्या बायकोचाच फोन आला. अंथरूण रिकामं होतं.

पोलिसांना खाली बोगद्यात मुकादमांचे बूट मिळाले, बंद दारासमोर शेजारी शेजारी काढून ठेवलेले. दाराचं वेल्डिंग जुनं, गंजलेलं, कुठेही तुटलेलं नव्हतं. तरी त्यांनी ते कापून काढलं. आत गुडघाभर गाळ होता. त्यावर कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं.

सगळे गेल्यावर ती कक्षात एकटीच बसून राहिली. त्या केबलला हात लावू नये, हे कळत होतं. पण मन ऐकेना. तिने केबल पुन्हा जोडली. या वेळी काहीच जुळवावं लागलं नाही.

दादा पोचला

मग बराच वेळ काही नाही. ती केबल काढायला वाकली, तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली. ही मात्र भरभर लिहिलेली, दुसऱ्याच हाताची.

ताई, हा माझा भाऊ नाही