लाल रेषेबाहेरचे चार ठिपके

दोघांच्या मधल्या टेबलावर तीन नंबरच्या लाइनचा चार्ट पसरला होता आणि वरच्या लाल रेषेपलीकडे चार ठिपके — चारही गुरुवारचे, चारही सकाळी अकराचे.

दर तासाला पाइपची जाडी मोजायची, चार्टवर ठिपका मांडायचा. तो लाल रेषेबाहेर गेला की क्वालिटी इंजिनिअरने स्वतः मशीनपाशी येऊन सही करायची. आखातातल्या, इंडस्ट्रियल एरियातल्या या कारखान्याचा हा नियम होता. इंजिनिअर म्हणजे नुपूर. आणि मोजणारा ऑपरेटर म्हणजे समोर मान खाली घालून उभा असलेला अवधूत.

"मशीनला वार कळतो का हो, अवधूत?" तिने विचारले.

"नाही, मॅडम."

"मग?"

"मला कळतो..." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आठवडाभर तुम्ही तिकडे शहरात, वेस्ट बेच्या ऑफिसात. गुरुवारी तेवढ्या इथं. त्यातही केबिनची काच मध्ये. ठिपका बाहेर गेला, की—"

"की मी बाहेर येते."

"हो."

हसू तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच विरले. आज ती मीटिंगमध्ये अडकली होती. फोरमन शफीकभाईंनी आजच्या ठिपक्यावर विश्वास ठेवला, पाइप जाड येतोय समजून ओढीचा वेग वाढवला आणि तो पातळ केला. नीट चालणारे मशीन खोट्या आकड्यापायी बिघडले. साठ पाइप भंगारात गेले. त्याचे कारण आजच लिहून द्यायचे होते. अवधूतचे कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होते. खरे कारण लिहिले, तर त्याला भारताचे विमान ठरलेले.

दार किलकिले झाले. "मॅडम, रिपोर्ट? यल्ला, जल्दी, मॅनेजर पूछ रहा है," शफीकभाई म्हणाले.

"पाँच मिनट, शफीकभाई."

दार लागले. तिने रिपोर्टचा कागद पुढे ओढला; 'मशीनचा बिघाड' एवढेच लिहिले, तर तो वाचणार होता.

"माझं नाव लिहा, खलास," अवधूत म्हणाला. "माझी चूक मशीनवर कशाला ढकलायची?"

तिने लिहिले : 'नोंद खोटी. ऑपरेटर — अवधूत.' पेन क्षणभर अधांतरी थांबले. मग त्याखाली : 'आधीच्या तीन खोट्या नोंदींवर तपासणी न करता सही — नुपूर.'

त्याने उलट्या बाजूने वाचले.

"हे खोटंय, मॅडम."

"काय?"

"तपासणी न करता... पहिल्याच गुरुवारी तुम्ही पाइप फिरवून-फिरवून आठ ठिकाणी मोजलात. मी बघत होतो. माप अगदी बरोबर होतं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

नुपूरने वर पाहिले नाही. 'तपासणी न करता' हे शब्द तिने सावकाश खोडले आणि वर, बारीक पण स्वच्छ अक्षरांत लिहिले — 'माहीत असूनही'.

ते दोन शब्द तो कितीतरी वेळ वाचत राहिला.

"तरी आलात," तो हळूच म्हणाला. "पुढच्या गुरुवारी... त्याच्या पुढच्याही. का, नुपूर?"

'मॅडम' गळून पडले होते. ते दोघांनाही ऐकू आले.

तिने कागद उचलला आणि दार उघडले. बाहेरच्या दमट उकाड्याने तिच्या चष्म्यावर क्षणात धुके दाटले. ते न पुसताच ती मॅनेजरच्या केबिनकडे चालू लागली.