मागच्या किनाऱ्यावरची झोप

वडिलांच्या चाळिसाव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी आमच्या गोरोन्तालोच्या बंदरातून बोट धरली. बेटबिट बघायची हौस नव्हती मला. जिथे कुणी हाक मारणार नाही अशी जागा हवी होती, बस. दोन वर्षं वॉर्डातली ड्यूटी संपली की घरी वडिलांचं अंथरूण. त्यांची कूस बदला, चादरी बदला, औषधं भरवा. ते गेले तेव्हा मला रडूही आलं नाही. इतकी दमले होते.

बेटावर खांबांवर उभी वीसएक घरं, एक मशीद, आणि बाकी नुसते नारळ. पाहुण्यांसाठी खोली एकच, इबू सावदाची; सगळे तिला इबू, म्हणजे आई, म्हणत. साठीची, फटकळ तोंडाची बाई.

"किती दिवस राहणार?" तिने विचारलं.

"तीन."

"तोंडाकडे बघून तर वाटतंय तीन महिने हलणार नाहीस. बस, आधी जेव."

भाजलेला मासा, सागो माडाच्या पिठाची भाकरी, मिरची-टोमॅटोचा ठेचा. मी जेवले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. झोप लागेना. फार दमलं की झोपही येत नाही, ठाऊक आहे ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चालत मागच्या किनाऱ्याला गेले. तिथे घरं नाहीत. रानबदामाखाली बांबूचं एक बाकडं होतं, त्यावर आडवी झाले. ऊन पांढरंफटक. खोबऱ्याच्या भट्टीचा धूर येत होता, तो हळूहळू विरला. मग लाटांचा आवाजही ऐकू येईनासा झाला. समुद्र समोर होता, आवाज मात्र नव्हता. डोळे उघडून बघायचाही कंटाळा आला.

कुणीतरी पायाशी येऊन बसलं. बाकडं करकरलं. ओल्या लुगड्याचा वास आला, आणि गार हात माझ्या पोटऱ्या दाबू लागले. मला वाटलं, इबूच आली असणार.

"दमलीस?" तिने हळूच विचारलं.

"फार."

"मला देतेस?"

"काय?"

"तुझं दमणं... मला झोप लागत नाही गं. किती वर्षं झाली..."

मला हसू आलं. म्हटलं, "घ्या की. सगळंच घ्या."

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगात कणभर थकवा नव्हता. पोरीसारखी उड्या मारत परत आले. इबू चुलीपुढे मासे तळत होती.

"इबू, हात आहेत की जादू तुमचे!"

"कसले हात? सकाळपासून मी इथून हललेली नाही."

"मग माझे पाय कुणी दाबले?"

इबूने माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे ठसे होते. पाच बोटं या पायावर, पाच त्या. इबूने कढई उतरवली. मला ओढत पिंपाशी नेलं, लिंबू चोळचोळून पाय धुतले. ठसे गेले नाहीत.

"तिने काही मागितलं?" इबूचा आवाज एकदम खाली गेला होता.

मी मान डोलावली.

"पोरी... दिलंस?"

"कोण आहे ती?"

"आमच्यातली नाही. तुझ्यासारखीच आली होती. पाहुणी. तीन दिवसांसाठी."

दुसऱ्या सकाळी पहिल्या बोटीने तिने मला धाडून दिलं. खोलीचे पैसेही घेतले नाहीत.

त्याला आता सव्वीस दिवस झाले. मी झोपलेले नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही उपयोग नाही. दोन-दोन पाळ्या करते, पाय दुखत नाहीत, सगळे कौतुक करतात. पण दिवस संपतच नाही माझा. एकच लांबलचक दुपार चालू आहे. वडिलांचा शर्ट छातीशी धरून बसते, आता तरी रडू येईल म्हणून. येत नाही. ते त्या दमण्यातच कुठेतरी होतं बहुतेक. तेही मी देऊन बसले.

काल जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. इबू सावदा.

"काय गं, परत आलीस ते सांगायचं तरी," ती रागावली होती. "मी तुला बाकड्यावर शोधायचं का? सकाळपासून पाठ करून झोपली आहेस, हाकेला ओ नाही, म्हणून फोन लावला. मेलीबिलीस की काय, म्हणून घाबरले मी!"

"इबू," मी म्हटलं, "मी गोरोन्तालोत आहे. दवाखान्यात."

फोनमधून लाटा ऐकू आल्या, आणि लाटांच्या अलीकडे कुणाचा तरी श्वास. संथ, खोल, पोटभर झोपलेल्या माणसाचा. आधी मला हेवा वाटला. भीती नंतर आली.

मग तो श्वास थांबला. बाकडं करकरलं. जांभई देत कुणीतरी विचारलं, "कोण आहे?"

आवाज माझा होता.

इबू फोन तोंडापासून दूर धरून, आईने बोलावं तशी हळूच म्हणाली, "कुणी नाही गं. झोप तू."