लाकडी हाताची बेटकुळी

"मिस्त्री, जरा बाही वर कराल?"

मी बाकाखाली उताणा पडून स्क्रू पिळत होतो. मेडिकल कॉलेजच्या त्या वर्गातली डुगडुगणारी बाकं दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. डोकं बाहेर काढून बघितलं, तर शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम हातात खडू घेऊन उभ्या. मागे चाळीस विद्यार्थी.

"कोणाची, माझी?"

"मग काय बाकाची?"

वर्ग हसला. मी उठलो, बाही वर केली, त्यांनी सांगितलं तसा कोपर वाकवला. दंडावर बेटकुळी उठली. मॅडमनी तिच्यावर खडूनं रेघा ओढल्या.

"हा दंडाचा पुढचा स्नायू. वरच्या बाजूला याला दोन डोकी असतात. खांद्यापाशी दोन वेगळ्या जागा धरून निघतात आणि खाली येता येता एक होतात."

"दोन डोकी म्हणजे भांडणं होत असतील," मी पुटपुटलो.

"उलट, दोघं मिळून ओढतात. जमतं काहींना..." त्या म्हणाल्या. बघत मात्र दंडाकडेच होत्या.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "दंडाला चुना कसला?"

"खडू आहे."

"या वयात कोणी शाळेत घातलं तुला?"

आठ दिवसांनी मॅडम माझ्या दुकानात आल्या. भिंतीवरचा तक्ता हलत नाही, त्यामुळे पोरांना काही कळत नाही, म्हणाल्या. त्यांना लाकडी हात हवा होता, दोरी ओढली की स्नायू काय करतो ते दाखवणारा.

"सत्र संपायच्या आत द्या. माझी नोकरी तेवढीच आहे. नंतर मी दादाकडे जाणार."

"दादा कुठे असतात?"

"लांब," त्या म्हणाल्या. "एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसावं लागतं, इतकं."

मोडक्या खुर्च्यांच्या पायांची मी हाडं केली. कोपराला पितळी बिजागरी लावली, खांद्यापासून एक पांढरी दोरी खाली आणून बांधली. तीन आठवड्यांनी मॅडमना बोलावलं आणि ऐटीत दोरी ओढली. हात झकास वाकला.

"छान. पण तळहात?"

"तळहाताचं काय?"

"स्क्रू ड्रायव्हर घ्या. एक स्क्रू घट्ट पिळा. आणि डावा हात दंडावर ठेवा."

ठेवला. प्रत्येक पिळाला बेटकुळी टणक होत होती. उलटा फिरवला, तर ती सैल. चौदा वर्षं स्क्रू पिळत होतो मी, आणि हे मला माहीत नव्हतं!

"हा स्नायू कोपर वाकवतो हे खरं. पण त्याचा खरा जोर दिसतो तो इथं. पालथा हात तोच उताणा करतो. तुम्ही दोरी करंगळीच्या बाजूच्या हाडाला बांधलीत. ते हाड फक्त वाकतं, फिरत नाही. फिरतं ते अंगठ्याच्या बाजूचं."

"ज्या फळीला बिजागरी, ओढही त्याच फळीला... आमच्या सुतारकामात असंच करतात," मी म्हणालो. तोंड पडलं होतं माझं. "म्हणजे सगळं चुकलं."

"चुकलं कुठे? तुम्ही त्याच्या खालचा स्नायू केलात. तो वरच्याच्या आड असतो. शाबासकी वरच्याला मिळते, पण कोपर वाकवायचं मुख्य ओझं हाच ओढतो. गाजावाजा नाही, काही नाही." त्यांनी दोरीवर बोट ठेवलं. "मला तोच जास्त आवडतो."

खाली टणकन आवाज झाला.

"स्क्रू ड्रायव्हर पडला, मिस्त्री."

"पडू दे. म्हणजे— उचलतो."

"ही दोरी राहू दे. वरचं टोक फक्त दंडाच्या मध्यावर घ्या. आणि वरून दुसरी बांधा, लाल."

एक हाड दुसऱ्यावरून फिरवायचं काम अवघड होतं. पण मी लावला तितका वेळ लागण्याइतकं नव्हतं. मॅडम रोज वर्ग सुटल्यावर दुकानात यायच्या, भुशानं भरलेल्या स्टुलावर बसायच्या आणि हाडांवरून बोट फिरवायच्या.

"इथं अजून खरखरीत लागतंय."

"कुठे?"

"इथे... बघा ना."

तिथं काही नसायचं. आदल्या दिवशीच मी ते काचेसारखं घासलेलं असायचं. तरी पॉलिश पेपर घेऊन मी पुन्हा घासायला बसायचो. दोघांनाही कळत होतं.

मग सत्र संपलं.

"आज तरी द्याल ना? परवा माझी गाडी आहे," त्या म्हणाल्या.

मी हात टेबलावर ठेवला, पालथा. "ओढा."

त्यांनी लाल दोरी ओढली. कोपर वाकला, अंगठ्याकडचं हाड सावकाश फिरलं, आणि उताणा तळहात त्यांच्यासमोर येऊन थांबला.

"जमलं," त्या हळूच म्हणाल्या. "आता?"

घरी मी चार वाक्यं घोकली होती. एकही आठवेना.

"आता... तो जे करतोय ना मॅडम, तेच मला दोन महिने करायचं होतं. माझ्याच्यानं होईना, म्हणून त्याच्याकडून करून घेतलं."

त्यांनी लाकडी तळहातावरून एकदा बोट फिरवलं. गाडी चुकवण्याबद्दल त्या काही बोलतील, या आशेवर मी उभा.

"लाकडाच्या हातात मी काय म्हणून हात देऊ?"

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? तुमचा आणा की, मिस्त्री! दोन्ही स्नायू ठणठणीत आहेत, मी स्वतः तपासलेत."

ती गाडी तिच्याशिवाय गेली. कॉलेजातली नोकरीही तिनं पुढे चालू ठेवली. दादा महिनाभर रुसले, मग आले आणि म्हणाले, "आमच्या खिडक्या बघून द्याल का?"

चौतीस वर्षं संसार झाला. शेवटपर्यंत ती मला मिस्त्रीच म्हणायची. बरणीचं झाकण उघडलं नाही की स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो मिस्त्री, बेटकुळी आवरा जरा! किती घट्ट लावता!" कॉलेजात प्लास्टिकचे हात आले, तेव्हा आमचा लाकडी हात ती घरी घेऊन आली. लाल दोरी मी दोनदा बदलली. खालची पांढरी अजून तीच आहे.

ती जाऊन चार महिने झाले. झाकणं आता मी सैलच लावतो.

शेवटच्या वर्षी आजारानं तिच्या हातातली ताकद गेली. हात चादरीवर पालथा पडलेला असायचा, तिला तो वळवता यायचा नाही. एका दुपारी मी शेजारी बसून तिचं जुनं स्टूल घासत होतो. तिनं आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मिस्त्री... दोरी ओढा की."

मी पॉलिश पेपर ठेवला, हात पुसले. तिच्या कोपराखाली हात घालून तो वाकवला, अंगठ्याची बाजू हळूहळू फिरवली. तळहात वर आला. त्यात मी माझा हात ठेवला. तिला बोटं मिटता आली नाहीत, म्हणून मीच मिटली.

"हं," ती म्हणाली. "आता बरोबर बांधलीत."