तिसऱ्या वळणावर

रत्नम्मा राजदूत मोटारसायकल ढकलत निघाली होती आणि गाडीत काहीही बिघाड नव्हता.

पेट्रोल होतं, प्लग स्वच्छ होता, चाकांत हवा होती. पण पुढं औशाच्या नाक्यावर पाण्याचा टँकर आला होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना घागरींच्या रांगा लागल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी याच नाक्यावर ती गाडीसकट त्या रांगेत पडली होती. तीन घागरी चेपल्या, एक बाई ओरडली आणि पाच-पन्नास जण पोट धरून हसले. तेव्हापासून गर्दी दिसली, की ती खाली उतरायची आणि मुकाट्यानं गाडी ढकलत पलीकडं न्यायची.

मेची दुपार होती. ओढणी घामानं पाठीला चिकटलेली... एवढ्यात मागून एक येझदी आली आणि शेजारी थांबली. तिच्यावरून उतरलेल्या तरुणाचे हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे होते. डोळे मात्र भलतेच स्वच्छ. ते रत्नम्मानं गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघितले. त्यानं काही न विचारता हँडल हातात घेतलं आणि किक मारली. राजदूत पहिल्याच किकला सुरू झाली.

"गाडी तर बेस हाय," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग ढकलून का राहिलात?"

"व्यायाम..." ती म्हणाली.

तो हसला नाही. त्यानं नाक्याकडं बघितलं, घागरींकडं बघितलं, मग तिच्या कोपरावरच्या वाळलेल्या खपलीकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. न हसल्याबद्दल रत्नम्मानं मनातल्या मनात त्याचे आभार मानले. त्याचं नाव मन्मथ होतं आणि नाक्यापलीकडचं गॅरेज त्याचंच होतं.

गॅरेजातल्या स्टुलावर बसून, चहा निवेपर्यंत, तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. इतकं का सांगितलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. ती मूळची देगलूरची. नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकली आणि सहा महिन्यांपूर्वी लातूरला नोकरीला लागली. लातूर जिल्हा होऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. कचेऱ्यांच्या पाट्या कोऱ्या होत्या, माणसं अपुरी होती आणि त्यात दुष्काळ. चाळीस गावांच्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल गेलंय, ते मोजायचं काम तिच्याकडं होतं. ती मोजणी कचेरीत पोचल्याशिवाय गावाला टँकर मंजूर होत नसे. एस्टीनं दिवसात दोन गावं व्हायची, मोटारसायकलीवर सहा झाली असती. म्हणून तर कचेरीनं तिला राजदूत दिली होती.

कचेरीचे व्यंकटराव साहेब मनानं वाईट नव्हते, पण घाईत होते. येत्या सोमवारी ते तिच्या मागं बसून लातूरहून औशाला येणार होते. नीट पोचलो तर गाडी तुमची, नाहीतर मारोती सर्व्हेअरला देतो आणि तुम्ही नांदेडच्या कचेरीत नकाशे करायला जा, असं त्यांनी सांगितलं होतं. यात दमदाटी काही नव्हती. गावं पाण्याची वाट बघत होती, साहेबांचं बरोबरच होतं, आणि हेच रत्नम्माच्या जिव्हारी लागत होतं.

मन्मथनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की मुरुडजवळचा पाझर तलाव पार आटलाय, रविवारी आम्ही तिथं ट्रॅक आखतोय. दहा-बारा गाड्या येतील. रत्नम्मानं चहाचा कप खाली ठेवला. रेस? आपण?

"रेस न्हाई, मॅडम. कुणाला हरवायचं न्हाई. तिथं समोरून एस्टी न्हाई, म्हैस न्हाई, घागर न्हाई. नुसत्या तुमी आनि गाडी."

"आणि तुम्ही?" हे तोंडातून निसटलंच.

"मी हाय की... झेंडा घेऊन उभा राहतो."

रविवारी सकाळी सातलाच ऊन तापायला लागलं होतं. तलावाचा तळ भेगाळून कडक झाला होता. त्यावर फळी फिरवून आणि चुन्याची फक्की मारून मन्मथनं चार वळणांचा ट्रॅक आखला होता. येझदी होत्या, राजदूत होत्या, पिठाच्या गिरणीवाल्या गुंडप्पांची जुनी बुलेट होती. बाईमाणूस गाडीवर एकटी रत्नम्माच. तिनं ओढणी कमरेला करकचून बांधली. मन्मथनं आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा ओढला आणि त्याची बोटं क्षणभर... नाही, क्षणापेक्षा थोडी जास्तच... तिथं थबकली.

"घट्ट झालं का?"

"असू दे."

मग त्यानं एकच गोष्ट सांगितली. चाकाकडं बघायचं नाही, खड्ड्याकडं बघायचं नाही, वळणाच्या पलीकडं जिथं जायचंय तिथं बघायचं. गाडी नजरेमागं जाते. एवढं सांगून तो हातात लाल झेंडा घेऊन सगळ्यांत अवघड अशा तिसऱ्या वळणाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. आता हे चुकलं, हे त्याला कसं कळणार?

पहिलं वळण रत्नम्मानं भीत भीत घेतलं, दुसरं जरा बरं घेतलं. तिसऱ्याला मात्र गाडी फक्कीची रेघ ओलांडून सरळ बाहेर गेली आणि मन्मथच्या पायापासून दोन हातांवर थांबली. तो म्हणाला, होतं असं. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच झालं. तिसऱ्या फेरीला त्याला उडीच मारावी लागली.

मन्मथ पडला मेकॅनिक. माणसात दोष असतो, हे त्याला पटायला वेळ लागतो. त्यानं गाडी स्टँडवर लावली. हँडल वाकडं आहे का बघितलं, पुढच्या चाकाचे आरे वाजवून बघितले, हवा बघितली, चेन बघितली. गुंडप्पांनाही बोलावून घेतलं. दोघं गडी अर्धा तास राजदूतला उलटीसुलटी करत राहिले आणि रत्नम्मा शेजारी उभी राहून मान खाली घालून ऐकत होती. तिला दोष ठाऊक होता. पण सांगणार कोण आणि कसं?

शेवटी सांगितलं ते केवळाबाईंनी. या शेजारच्या वस्तीवरच्या. तलावाच्या तळात त्यांनी झिऱ्याचा खड्डा खोदला होता आणि वाटीवाटीनं घागर भरत त्या सकाळपासून तिथंच बसल्या होत्या. दुसरी करमणूक नव्हती, तेव्हा हीच बघत होत्या.

"गाडीला काय बघतूस, बाबा," केवळाबाई जागेवरूनच म्हणाल्या. "पोरगी तुझ्याकडं बघून राहिलीय. मग गाडी कुठं जाईल?"

गुंडप्पांना एकदम बुलेटचं काहीतरी आठवलं आणि ते निघून गेले. रत्नम्माचे कान इतके तापले, की हेल्मेट काढायची सोय उरली नाही. मन्मथ हातातल्या पान्याकडं बघत होता... त्याच्या कपाळावरचं ऑइलसुद्धा लाल दिसत असावं, असं तिला वाटलं.

"खरं हाय का?" त्यानं हळूच विचारलं.

"वळणाकडंच बघते मी," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये येता."

"मग... मी जातो बाजूला."

तो खरंच गेला. तलावाच्या भरावावर चढला आणि ट्रॅककडं पाठ करून उभा राहिला. रत्नम्मानं किक मारली. आता बघायला फक्त वाट होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसरं आलं तेव्हा तिनं नजर उचलली आणि रेघेच्या पार टोकाला नेऊन ठेवली. गाडी कलली. आपण पडणार असं वाटलं आणि पडलो नाही. गुडघ्याखालून जमीन सरकली, ॲक्सिलरेटर आपसूक पिळला गेला आणि राजदूत सरळ होऊन पुढं सुटली. रत्नम्मा हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसली. इतका आनंद तिला नोकरीचा कागद आला तेव्हाही झाला नव्हता. तिनं आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक. नवव्या फेरीला केवळाबाईंनी घागर डोक्यावर घेऊन एक हात हलवला, आणि रत्नम्मानंही हँडलवरून हात उचलून त्यांना उत्तर दिलं.

थांबली तेव्हा तोंडात धूळ होती. मन्मथ भरावावरून उतरून आला.

"तुम्ही तर बघितलंच नाही," ती म्हणाली. याचं तिला वाईट वाटत होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

"ऐकलं की. पयल्या चार फेऱ्यांना तिसऱ्या वळनावर शिरताना तुमी गॅस सोडला. मग सोडलाच न्हाई." तो थांबला. "पाठ करून उभं राहणं लई अवघड गेलं, मॅडम."

सोमवारी व्यंकटराव साहेब मागं बसले तेव्हा एका हातानं सीटचा पट्टा आणि दुसऱ्या हातानं काळीज धरून होते. बुधोड्याच्या पुढं त्यांनी पट्टा सोडला. औशाच्या नाक्यावर टँकर होता, घागरी होत्या, गर्दी होती. रत्नम्मानं गिअर खाली घेतला, नजर गर्दीच्या पलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर ठेवली आणि मधून गाडी काढली. पलीकडं गेल्यावर तिनं ब्रेक दाबला. साहेब उतरलेच नाहीत. पुढची विहीर कुठली, एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवशी सहा गावं झाली आणि साहेब स्वतः टेप धरून मोजत होते.

चाळीसही गावं पूर्ण झाली त्या शनिवारी ती गॅरेजवर आली. मन्मथनं तिला लांबूनच ओळखलं, पण उठला नाही. तिनं बातमी सांगितली. गाडी तिच्या नावावर झाली होती, नांदेड टळलं होतं आणि पहिले टँकर निघालेही होते. त्यानं मान हलवली. आनंद झाला होता, तो दिसतही होता, पण त्यामागं आणखी काहीतरी होतं.

"चांगलं झालं. म्हंजे आता शिकवायचं काय राहिलं न्हाई."

"नाही राहिलं."

"म्हंजे... आता तुमी इकडं कशाला येनार?"

रत्नम्मानं सावकाश हातमोजे काढले. नऊ फेऱ्यांत जे धाडस कमावलं होतं, ते आज सगळं खर्चायचं तिनं येतानाच ठरवलं होतं.

"उद्या देगलूरला जातेय. अप्पांना भेटायला, माझ्या वडलांना. तुम्ही येता का?"

"मी? अप्पांना काय सांगू, मी कोन म्हनून?"

"जे मला अजून सांगितलं नाही, ते."

मन्मथनं पाना खाली ठेवला. चिंधीला हात पुसले, एकदा, दोनदा, आणि हात काही स्वच्छ होईनात. मग त्यानं तसंच वर बघितलं.

"मला तुमी लई आवडता, रत्नम्मा," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडी ढकलत होता, तवापासून. अप्पांना हेच सांगतो... तुमी हाव म्हनत असाल तर."

"हाव," ती म्हणाली.

सकाळी सहाला तो धुतलेला शर्ट घालून नाक्यावर उभा होता, येझदीची किल्ली हातात घेऊन. रत्नम्मा राजदूतवरून उतरली नाही. तिनं फक्त मागच्या सीटवर हात थोपटला. मन्मथनं किल्लीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि किल्ली खिशात टाकून मागं बसला. उदगीरपर्यंत त्याला हात कुठं ठेवावेत ते समजेना. उदगीरच्या पुढं घाटाचा रस्ता लागला, तेव्हा त्यानं ते तिच्या खांद्यांवर ठेवले.