चौथ्या मजल्यावरची विहीर

रोज सकाळी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून कांदिदाबाईंची टोपली दोरीवरून खाली सुटायची, आणि टोपलीच्या आधी त्यांचा आवाज खाली पोचायचा.

"पीना! अगं ए पीना! कालचा पाव टाकलास ना, तर टोपलीतून कुंडी येईल तुझ्या डोक्यावर!"

"मग या की खाली, स्वतः निवडून न्या!" दुकानाच्या दारातून पीना ओरडायची, आणि ओरडून झाल्यावर जीभ चावायची. कारण खाली येणंच तर बंद झालं होतं.

सोळाव्या वर्षी, नेपल्सच्या सानिता मोहल्ल्यातल्या एका तळघरात पर्स चिकटवता चिकटवता, गोंदाच्या विषारी वाफेनं कांदिदाबाईंचे पाय गेले. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी संसार केला, बाजार केला, भांडणं केली, नवऱ्याला दफनभूमीपर्यंत पोचवून आल्या. हे सगळं लिफ्टच्या जिवावर. फेब्रुवारीत कार्निव्हल संपता संपता घरमालक अर्तूरोनं लिफ्टची मोटर दुरुस्तीला म्हणून गच्चीवरून उतरवून नेली, खाली अंगणात लिफ्टच्या दारावर फळ्या ठोकल्या, आणि विषय संपवला. आता उन्हाळा लागला होता.

अर्तूरोला सगळे इंजिनियर म्हणत. कॉलेज त्यानं दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं, पण नेपल्समध्ये चष्मा आणि चकचकीत बूट असले की एवढी पदवी लोक फुकट देतात. खालचे तिन्ही मजले त्यानं पर्यटकांच्या खोल्या करून टाकले होते. राहता राहिल्या कांदिदाबाई. लिफ्ट चालू होईपर्यंत भाडं मिळणार नाही, असं त्यांनी वकिलाकरवी कळवलं. उलट टपाली घर रिकामं करण्याची नोटीस आली. बाईंना उचलून खाली आणायला माणसं पुरवली जातील, असंही त्यात होतं. ते वाचून त्या पहिल्यांदा रडल्या. या घरातून निघाल्या की शहराबाहेरच्या आश्रमात नन्सच्या ताब्यातली एक खाट, एवढंच पुढे दिसत होतं.

त्यातच स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली. एका सकाळी गिलाव्याचा मोठा पोपडा धाडकन खाली आला आणि मागे एक लाकडी झडप दिसली. कांदिदाबाईंनी ती ओळखली. आजीच्या काळी घराखालच्या खडकातल्या टाक्यापासून वरपर्यंत एक भुयार उभं चढलेलं असे, आणि प्रत्येक मजल्यावरच्या बायका आपापल्या स्वयंपाकघरातून पाणी शेंदत. त्यांनी झडप ओढली. आतून गार वारा आला. त्याला ओल्या दगडाचा वास होता, आणि नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचाही.

त्यांनी फोन लावला. "इंजिनियरसाहेब, भिंत पडली."

"पुढे कपाट लावा."

"विहीर उघडी पडलीय."

"वा! मग पाण्याचं बिल वाचलं तुमचं," अर्तूरो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

कांदिदाबाईंचं डोकं फिरलं. हातात पावाचा तुकडा होता. आजी सांगायची, की टाकी साफ करणारा विहीरवाला या भुयारातून खाचांत पाय रोवत वर चढायचा. लहानखुरा, काटकुळा माणूस. घरात काही मोडलं की बायका टोपलीतून पाव सोडायच्या आणि काम विहिरीत बोलून दाखवायच्या. अट एकच. काम कोणी केलं हे घरमालकाला सांगायचं नाही. सांगितलं तर तो केलेलं काम परत नेतो, आणि रिकाम्या हातानं जात नाही.

सानितातला शेवटचा विहीरवाला त्यांच्या जन्माआधीच वारला होता. तरी त्यांनी टोपलीत पाव ठेवला, ती विहिरीत सोडली आणि रागारागानं म्हणाल्या, "भिंत!"

दोरी संपत आली तरी टोपली पाण्याला लागेना. मग अचानक तिचं वजन गेलं. खाली पीना टोपली हातात घेते, तेव्हा जातं तसं. थोड्या वेळानं दोरीला दोन हिसके बसले. टोपली वर आली तेव्हा तिच्यात पावाचा कणही नव्हता.

"उंदीर," त्या मोठ्यानं म्हणाल्या. घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत कोरडी होती. झडपेभोवती पांढराशुभ्र चुना चोपून गुळगुळीत केलेला. एका कोपऱ्यात, चुना ओला असताना उमटलेले चार बोटांचे ठसे होते. तळवा लहान मुलाचा असावा एवढा, बोटं मात्र फार लांब. त्यांनी त्यावर फडकं टांगून ठेवलं.

मग गळका नळ झाला. मग बाल्कनीचं अडकणारं दार. दर वेळी टोपली जड होऊन खाली जायची आणि हलकी होऊन वर यायची. कांदिदाबाईंनी हे पीनालासुद्धा सांगितलं नाही, आणि पीनाला काही न सांगणं म्हणजे त्यांना उपास घडण्यासारखंच होतं. भीती वाटायची. पण मोटर नेल्यापासून कोणी त्यांचं एक काम केलं नव्हतं, आणि हे काम करत होतं, जे काय होतं ते. शेवटी एकदा त्यांनी टोपलीत अख्खा पाव, चीज आणि वाइनची बाटली ठेवली.

"लिफ्ट," त्या हळूच म्हणाल्या.

टोपली त्या दिवशी वर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याकडून घरघर ऐकू आली. त्यांनी दार उघडलं. समोर लिफ्टचा पाळणा उभा होता, आत पिवळा दिवा लागलेला. टोपली आत ठेवलेली होती. पाळण्याची फरशी ओली होती.

त्यांनी टोपली उचलून मांडीवर घेतली. खाली रस्ता होता, ऊन होतं, पीना होती. खुर्चीची पुढची चाकं आत गेली. मग तो मेणबत्तीचा वास आला आणि त्यांनी खुर्ची मागे घेतली.

तेवढ्यात अर्तूरो जिन्यानं धापा टाकत आला. लिफ्टची घरघर खाली पाहुण्यांनीही ऐकली होती.

"कोणाकडून करून घेतलंत?"

"झालं ना एकदाचं? तुम्हाला काय करायचंय?"

तो सरळ आत शिरला. नळ बघितला, फडकं उचलून भिंत बघितली. "बाई, विनापरवाना काम केलंत. करारच मोडलात तुम्ही. उद्या माणसं घेऊन येतो."

"मी कोणाला आणलं नाही."

"मग देवदूत आले होते का सारवायला? त्याचं नाव सांगा. त्याच्यावर दावा ठोकतो आणि तुम्हाला राहू देतो. शब्द देतो."

कांदिदाबाईंनी झडपेकडे पाहिलं. गार वारा थांबला होता. आश्रमातली खाट त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"विहीरवाल्यानं," त्या म्हणाल्या.

अर्तूरो खो खो हसला. "पायांबरोबर डोकंही गेलं वाटतं!" हसत हसतच तो लिफ्टकडे वळला.

"साहेब, जिन्यानं जा."

"का? बघू तरी तुमच्या विहीरवाल्याची करामत."

"हात जोडते. जिन्यानं जा हो!"

त्यानं बटण दाबलं. दार लागलं.

पिवळा उजेड खाली गेला. घरघर बारीक होत गेली. ती बराच वेळ बारीक होत राहिली.

मागे स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. नळ गळू लागला.

कांदिदाबाई खुर्ची ढकलत बाल्कनीत गेल्या. "पीना! लिफ्ट आली का गं खाली?"

"कुठली लिफ्ट, मावशी?" पीना अंगणात डोकावून आली. "फळ्या ठोकल्यात तशाच आहेत की!"

पोलिसांनी त्या फळ्या काढल्या. पाळणा आतच होता. फरशीवर कार्निव्हलपासूनची धूळ होती आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. टाक्यात माणसं उतरवली, तिथंही काही मिळालं नाही. अर्तूरोची मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती, ती टो करून नेली.

घर रिकामं करायला कोणी आलं नाही.

त्या रविवारी कांदिदाबाई ओल्या भिंतीसमोर बसल्या होत्या. झडप बंद होती. आतून कोणीतरी घसा साफ केला. मग आवाज आला. अर्तूरोचाच होता, पण इतक्या अदबीनं तो त्यांच्याशी कधी बोलला नव्हता.

"कांदिदाबाई, नमस्कार. सांगा, काय काय दुरुस्त करायचंय? सगळं करून देतो."

त्यांनी खुर्ची हळूच मागे घेतली.

"फक्त पाव जरा मोठा सोडा," आवाज म्हणाला. "आता दोघांना पुरायला हवा."